चिठ्ठी दिसली, पण मोजली का? मतदान यंत्राबद्दल खासदार-आमदारांना पत्र कसं लिहायचं

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूरच्या तहसीलदार कचेरीसमोर माझं टेबल आहे. लोक बाँड रायटर म्हणतात. उताऱ्यातली चूक, वारसा, रेशन कार्ड, विधवा पेन्शन, पावसानं पडलेल्या घराची भरपाई, सत्तावीस वर्षं हेच लिहितोय. निम्मं मराठीत, निम्मं कन्नडात. अलीकडं एक वेगळा अर्ज यायला लागलाय. माणूस येतो, बाकड्यावर टेकतो आणि आवाज खाली आणून म्हणतो, "काका, मशीनबद्दल लिहायचं होतं."

मागच्या पावसाळ्यात नंदगडचा एक पोरगा आला. चार पानं छापूनच आणली होती. वर पंतप्रधान, मुख्यमंत्री, सरन्यायाधीश, निवडणूक आयोग, खासदार, आमदार, जिल्हाधिकारी, सगळे एकाखाली एक. आत मोबाइलवर फिरणारा मजकूर जसाच्या तसा. मी पानं बाजूला ठेवली आणि विचारलं, "यातलं तू स्वतः काय बघितलंस?" तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मी बटण दाबलं. काचेत चिठ्ठी दिसली, बरोबर होती. मग ती खाली पडली. पुढं तिचं काय झालं, कुणी मोजली का, ते कळलं नाही."

मी म्हटलं, बाळ, हेच लिहायचं. त्याची चार पानं परत पिशवीत गेली आणि आम्ही एका पानाचं पत्र केलं. ते कसं केलं ते इथं सांगतो, कारण दर निवडणुकीनंतर तेच प्रश्न घेऊन लोक येतात आणि बहुतेक पत्रं चुकीच्या माणसाकडं, चुकीच्या मागणीसह जातात. माझंही पहिलं पत्र तसंच गेलं होतं. २०१९ च्या लोकसभेनंतर मी तीन पानं लिहिली आणि ज्यांच्या हातात तो विषय नव्हता अशा एका लोकप्रतिनिधींना दिली. उत्तर आलं नाही. आज ते पत्र वाचताना कळतं की त्यात उत्तर देण्यासारखं काही मागितलंच नव्हतं.

आधी यंत्र आणि कागद समजून घ्या

बूथवर तीन वस्तू असतात. अधिकाऱ्याच्या टेबलावर कंट्रोल युनिट, म्हणजे मतं नोंदून ठेवणारा डबा, आडोशाच्या आत बॅलट युनिट, म्हणजे आपण बटण दाबतो तो डबा, आणि त्याच्या शेजारी व्हीव्हीपॅट, म्हणजे चिठ्ठी छापणारा डबा. बटण दाबलं की काचेमागं चिठ्ठी येते. तिच्यावर उमेदवाराचा क्रमांक, नाव आणि चिन्ह असतं. सात सेकंद दिसते, मग तुटून बंद पेटीत पडते. ती आपल्याला घरी नेता येत नाही आणि नेता येऊही नये, नाहीतर दुसऱ्या दिवशी कुणीतरी दारात येऊन "दाखव बघू" म्हणेल.

२०२३ च्या विधानसभेला, १० मे रोजी, मी आमच्या गावच्या शाळेत एका उमेदवाराचा एजंट म्हणून बसलो होतो. मतदान सुरू व्हायच्या दीड तास आधी बोलावतात. सगळ्या एजंटांसमोर किमान ५० मतं टाकून चाचणी होते, यंत्राचा आकडा आणि चिठ्ठ्या ताडून बघतात, यंत्र पुसून शून्यावर आणतात, आणि चाचणीच्या चिठ्ठ्यांमागं शिक्का मारून त्या काळ्या जाड पाकिटात सील करतात. संध्याकाळी मतदान संपल्यावर नमुना १७ सी हातात मिळतो. त्या बूथवर एकूण किती मतं नोंदली गेली, त्याचा सहीचा हिशोब. मतमोजणीच्या दिवशी कंट्रोल युनिटवर येणारा एकूण आकडा या कागदाशी जुळला पाहिजे. माझ्या बूथचा जुळला. तो कागद अजून ट्रंकेत आहे.

हे मुद्दाम सांगतोय. पत्र लिहिणाऱ्याला एवढं माहीत असेल तर तो "सगळं मशीन हॅक आहे" असं लिहीत नाही. तो लिहितो, "१७ सी ची प्रत एजंटाला मिळते. ज्या उमेदवाराला प्रत्येक बूथवर एजंट बसवायला माणूस मिळत नाही, त्याच्याकडं हा आकडा कुठून येणार? मतदाराला तो कुठं बघायला मिळणार?" असा प्रश्न सहजासहजी टाळता येत नाही.

आता चिठ्ठ्यांचं. पेटीत पडलेल्या सगळ्या चिठ्ठ्या मोजत नाहीत. ८ एप्रिल २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच बूथच्या चिठ्ठ्या मोजतात. हे बूथ सोडत काढून ठरतात. त्याआधी एकाच बूथच्या मोजायचे. आपल्या बेळगाव जिल्ह्यात १८ विधानसभा मतदारसंघ, म्हणजे अख्ख्या जिल्ह्यात ९० बूथ. कर्नाटकात २२४ मतदारसंघ, म्हणजे १,१२० बूथ. बाकीच्या बूथवरच्या चिठ्ठ्या सीलबंद राहतात. निवडणूक नियम ५६ डी प्रमाणं उमेदवार किंवा त्याचा एजंट आणखी चिठ्ठ्या मोजायची लेखी मागणी करू शकतो, पण मान्य करायचं की नाही ते निवडणूक निर्णय अधिकारी ठरवतो. त्याच नियमात एक फार महत्त्वाची गोष्ट आहे, जी लोकांना माहीत नसते: यंत्राचा आकडा आणि चिठ्ठ्यांचा आकडा जुळला नाही, तर चिठ्ठ्यांचा आकडा धरायचा. म्हणजे कायद्यानंच कागदाला वरचा मान दिलाय. मग तो कागद किती ठिकाणी उघडायचा, हा साधा नागरिकाचा प्रश्न आहे आणि तो विचारण्यात कुणाचा अपमान नाही.

दुसरी बाजू पत्रात घ्या

हे लोकांना आवडत नाही, पण मी हट्टानं घालायला लावतो. निवडणूक आयोगानं २०२४ साली न्यायालयात सांगितलं की तोवर चार कोटींहून जास्त चिठ्ठ्या यंत्राशी ताडून पाहिल्या. २६ एप्रिल २०२४ रोजी न्यायमूर्ती संजीव खन्ना आणि न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांनी सगळ्या चिठ्ठ्या मोजायची आणि मतपत्रिकेवर परत जायची, दोन्ही मागण्या नाकारल्या. त्याच निकालात त्यांनी दोन गोष्टी दिल्याही. व्हीव्हीपॅटमध्ये उमेदवारांची चिन्हं भरायचं उपकरण निकालानंतर ४५ दिवस सीलबंद ठेवायचं. आणि दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारानं सात दिवसांत लेखी मागितलं तर विधानसभा क्षेत्रातल्या पाच टक्के यंत्रांच्या चिपची तपासणी, खर्च त्या उमेदवाराचा, आणि छेडछाड सापडली तर पैसे परत. चिठ्ठ्या मोजायला एखादं यंत्र वापरता येईल का ते बघा, असंही न्यायालयानं सुचवलं.

हा निकाल पत्रात एका ओळीत लिहा. नाही लिहिला तर वाचणारा कारकून "हा विषय न्यायालयानं निकाली काढला आहे" असा शेरा मारून पत्र बाजूला ठेवतो. लिहिला तर त्याला तो शेरा मारता येत नाही, कारण तुमची मागणी त्याच्या पुढची असते.

"कोर्टानं नाही म्हटलं, आता काय उरलं?" असं गर्लगुंजीचे एक निवृत्त गुरुजी मला म्हणाले. मी त्यांना परवूरची गोष्ट सांगितली. केरळात परवूर मतदारसंघात १९८२ साली देशात पहिल्यांदा मतदान यंत्र वापरलं, ५० बूथवर. हरलेला उमेदवार न्यायालयात गेला. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की यंत्राला कायद्यात आधारच नाही, आणि त्या ५० बूथवर पुन्हा मतपत्रिकेवर मतदान घ्यायला लावलं. मग संसदेनं कायदा बदलला. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात ६१ ए हे कलम घातलं आणि यंत्र कायदेशीर झालं. न्यायालय असलेला कायदा बघतं. नवा कायदा करायला खासदार लागतात, आणि खासदारांना पत्र आपण लिहितो.

आपल्या भागाचंच उदाहरण हवं तर १९९६ आठवा. बेळगाव लोकसभा मतदारसंघात ४५६ उमेदवार उभे राहिले होते. सीमाप्रश्नाकडं दिल्लीचं लक्ष जावं म्हणून महाराष्ट्र एकीकरण समितीनं माणसं उभी केली होती. आम्ही खानापूरवाले तेव्हाही कारवारच्या, म्हणजे आजच्या उत्तर कन्नड मतदारसंघात, पण माझे मामा बेळगावच्या शहापूरला राहायचे. त्या मतपत्रिकेत आपला उमेदवार कुठं शोधायचा याची घरात आदल्या रात्री तालीम चालली होती. आजच्या यंत्रालासुद्धा २४ बॅलट युनिटं जोडून ३८४ नावंच मावतात, त्यातलं एक नोटाचं. त्या निवडणुकीनंतर काही महिन्यांत संसदेनं लोकसभेची अनामत ५०० रुपयांवरून १०,००० केली आणि अपक्षाला दहा सूचक लागतील असं ठरवलं. तो बदल आपल्याला रुचला की नाही हा वेगळा भाग. पण बेळगावात, किंवा त्याच निवडणुकीत असेच शेकडो उमेदवार उभे राहिलेल्या आंध्रातल्या नलगोंड्यात घडलेली गोष्ट दिल्लीत कायदा हलवते, हे आपण बघितलेलं आहे.

कुणाला लिहायचं

इथं सगळ्यात जास्त चुका होतात.

लोकसभा आणि विधानसभा, दोन्ही निवडणुका भारत निवडणूक आयोग घेतो आणि त्यांचा कायदा संसदेचा. म्हणून चिठ्ठ्यांच्या मोजणीबद्दल पत्र खासदाराला. आमदाराला लिहून उपयोग एवढाच की तो आपल्या पक्षात बोलेल.

कोणता खासदार? खानापूर आणि कित्तूर बेळगाव जिल्ह्यात असले तरी लोकसभेला उत्तर कन्नडमध्ये येतात. निपाणी, चिकोडी-सदलगा, अथणी, कागवाड, कुडची, रायबाग, हुक्केरी आणि यमकनमर्डी चिकोडी लोकसभेत. बेळगाव उत्तर, दक्षिण, ग्रामीण, गोकाक, अरभावी, बैलहोंगल, सौंदत्ती, रामदुर्ग बेळगाव लोकसभेत. खानापूरची माणसं बेळगावच्या खासदाराला पत्र देऊन येतात आणि तिथला माणूस नम्रपणे सांगतो की तुमचे खासदार वेगळे. दिवस आणि बसभाडं दोन्ही फुकट. राज्यसभेत कर्नाटकाचे १२ सदस्य आहेत. ते सगळ्या राज्याचे, त्यांना कुणीही लिहू शकतो. मला आजवर आलेलं एकमेव धड उत्तर एका राज्यसभा सदस्यांच्या कार्यालयातून आलं होतं, दोनच ओळी, पण जावक क्रमांकासह.

ग्रामपंचायत, तालुका आणि जिल्हा पंचायत, नगरपालिका, महापालिका यांचं खातं वेगळं. त्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो आणि त्यांचे कायदे बेंगळुरूच्या विधिमंडळाचे. हा विषय आमदाराचा. २०२० च्या डिसेंबरात ग्रामपंचायतीला आपण शिक्का मारून मत दिलं. २०२१ च्या सप्टेंबरात बेळगाव महापालिकेच्या ५८ वॉर्डांचं मतदान यंत्रावर झालं, आणि त्या यंत्रांना व्हीव्हीपॅट नव्हतं. शहरातल्या मतदाराला लोकसभेला चिठ्ठी दिसते आणि महापालिकेला दिसत नाही, हा फरक का, एवढं विचारलं तरी आमदाराला पत्र पुरेसं आहे. २०२५ च्या सप्टेंबरात कर्नाटकच्या मंत्रिमंडळानं स्थानिक निवडणुका मतपत्रिकेवर घ्याव्यात अशी शिफारस करायचं ठरवलं. ते तुम्हाला पटत असेल तर तसं लिहा. यंत्रच राहावं पण चिठ्ठीसह, असं वाटत असेल तर तसं लिहा. माझं स्वतःचं मत या दुसऱ्यासारखं आहे: यंत्र राहू दे, पण प्रत्येक निवडणुकीत कागद असू दे आणि तो जास्त ठिकाणी मोजू दे.

काय मागायचं

एका पत्रात एक मागणी. सत्तावीस वर्षांत मला यापेक्षा मोठा नियम सापडलेला नाही. घराच्या भरपाईच्या अर्जात कुणी गटाराची तक्रार घातली की दोन्ही कामं अडतात, तसंच हे आहे.

मागणी अशी हवी की ज्याला पत्र लिहिलंय त्याला ती स्वतः पूर्ण करता येईल. खासदार यंत्र बंद करू शकत नाही. तो लोकसभेत विधी व न्याय मंत्र्यांना प्रश्न विचारू शकतो. तारांकित प्रश्नाला तोंडी उत्तर मिळतं, पण दिवसाला वीसच घेतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळतं, दिवसाला २३०. म्हणून अतारांकित प्रश्न मागा. त्याचं उत्तर कागदावर राहतं आणि लोकसभेच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतं. खासदार लोकसभेच्या नियम ३७७ खाली सभागृहात विषय मांडू शकतो, शुक्रवारी खासगी विधेयक, म्हणजे सरकारचं नसलेलं स्वतःचं विधेयक, आणू शकतो, आयोगाला स्वतःच्या पत्रानं विचारणा करू शकतो. यातलं एक निवडा. प्रश्नाचं वाक्यही तुम्हीच लिहून द्या, कारण कार्यालयात बसलेल्या सहायकाला तेच हवं असतं.

काय लिहू नये तेही सांगतो. कुणाला मत दिलं ते अजिबात लिहू नका. कोण जिंकला, कोण हरला याचा उल्लेख नको. आज तुमचा माणूस हरलाय म्हणून लिहिताय असं वाटलं की पत्र संपलं. "सगळ्यांना माहीत आहे", "सोशल मीडियावर आलं आहे" ही वाक्यं काढून टाका. चिठ्ठीवर खरंच वेगळं नाव दिसलं असेल तर त्याची जागा पत्रात नाही, बूथवर आहे. नियम ४९ एम-ए प्रमाणं तिथंच केंद्राध्यक्षाकडं लेखी निवेदन द्यायचं. तो एजंटांसमोर चाचणी मत टाकायला लावतो. चिठ्ठी खरंच चुकीची आली तर त्या यंत्रावरचं मतदान थांबतं. तक्रार खोटी निघाली तर मात्र शिक्षा आहे. म्हणून खात्री असेल तरच, पण खात्री असेल तर गप्प बसू नका.

आणि एक अवघड गोष्ट. आमच्याकडं कुठलंही पत्र लिहायला बसलं की तिसऱ्या ओळीत सीमाप्रश्न येतो. माझ्याही घरात १ नोव्हेंबरला, काळ्या दिवशी, चूल उशिरा पेटते. तरी सांगतो, या पत्रात तो आणू नका. आणला की कन्नड भाषक आमदाराच्या कार्यालयात पत्र राजकीय ढिगात जातं, आणि चिठ्ठी मोजायची मागणी, जी सौंदत्तीच्या कन्नड शेतकऱ्याचीही तेवढीच आहे, ती आपलीच होऊन बसते. या विषयावर मी बैलहोंगलच्या एका कन्नड शिक्षकांसोबत मिळून पत्र केलंय. मजकूर तोच, त्यांचं कन्नडात, माझं मराठीत.

नमुना

नंदगडच्या पोराचं पत्र शेवटी असं झालं:

"प्रति,
मा. खासदार,
उत्तर कन्नड लोकसभा मतदारसंघ

विषय: व्हीव्हीपॅट चिठ्ठ्यांच्या मोजणीबाबत लोकसभेत अतारांकित प्रश्न विचारण्याची विनंती

महोदय,

मी खानापूर विधानसभा क्षेत्रातील मतदार आहे. मतदार यादी भाग क्रमांक ___, अनुक्रमांक ___. दि. ७ मे २०२४ रोजी मी मतदान केले. बटण दाबल्यावर मला चिठ्ठी दिसली, ती बरोबर होती. यंत्राविषयी माझी तक्रार नाही.

सध्या प्रत्येक विधानसभा क्षेत्रात पाच मतदान केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या जातात. सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने दि. २६ एप्रिल २०२४ रोजी अमान्य केली, याची मला जाणीव आहे. मात्र त्याच निकालात चिठ्ठ्या यंत्राने मोजता येतील का, हे तपासण्याची सूचना आहे. २०१९ मध्ये आयोगाने म्हटले होते की निम्म्या चिठ्ठ्या हाताने मोजल्यास निकालास पाच-सहा दिवस उशीर होईल. मोजणीचे यंत्र आल्यास ही अडचण कमी होऊ शकते.

तरी आपण विधी व न्याय मंत्र्यांना पुढील प्रश्न विचारावा, ही विनंती:

चिठ्ठ्या यंत्राने मोजण्याच्या न्यायालयाच्या सूचनेवर आजवर कोणती कार्यवाही झाली, आणि प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रांची संख्या वाढविण्याचा प्रस्ताव विचाराधीन आहे काय?

आपल्या उत्तराची प्रत मला खालील पत्त्यावर मिळावी.

आपला मतदार,
(सही, नाव, पत्ता, तारीख)"

एवढंच. भाग क्रमांक आणि अनुक्रमांक घालायला विसरू नका. त्यावरून कळतं की तुम्ही खरंच त्या मतदारसंघातले आहात. पण पत्राचा फोटो गटात टाकणार असाल तर ते आकडे आणि पत्ता झाकून टाका.

माझा एक आग्रह: मजकूर घ्या, पण पहिला परिच्छेद स्वतःच्या शब्दांत लिहा. दोनशे माणसांनी एकच छापील पत्र पाठवलं की कार्यालयात ते एकच पत्र म्हणून मोजतात. इदलहोंडच्या एका आज्जींना काचेतली चिठ्ठी वाचताच आली नव्हती. मोतीबिंदू झालेला, आणि सात सेकंद. त्यांनी सांगितलं तसं लिहिलं: "मला दिव्याचा उजेड दिसला, नाव दिसलं नाही." त्यांची मागणीही वेगळी झाली, चिठ्ठी काचेत जास्त वेळ राहावी अशी. माझ्या हातून गेलेल्या या विषयावरच्या सगळ्या पत्रांत ते मला सर्वांत चांगलं वाटतं.

भाषा

मराठीत लिहिलेलं चालतं का, हे रोज विचारतात. चालतं. घटनेच्या ३५० व्या कलमानं कुठल्याही नागरिकाला आपलं गाऱ्हाणं केंद्राच्या किंवा राज्याच्या कुठल्याही अधिकाऱ्याकडं, केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडता येतं. एखाद्या खिडकीवर "कन्नडात आणा" म्हणून परत केलं तर भांडू नका. पत्राच्या तळाशी "भारतीय संविधान, कलम ३५० अन्वये सादर" अशी ओळ लिहा आणि पुन्हा द्या.

हक्क एक आणि काम होणं दुसरं. कारवार-सिरसीकडच्या कार्यालयात मराठी वाचणारा माणूस रोज नसतो. म्हणून मराठी पत्रावर सही करायची आणि मागं त्याचं कन्नड भाषांतर जोडायचं. दिल्लीला पाठवायचं तर हिंदी किंवा इंग्रजी. पुष्कळ लोकांच्या सह्यांची याचिका लोकसभेच्या याचिका समितीकडं जायची असेल तर तिथं नियमच आहे: याचिका हिंदी किंवा इंग्रजीत, आणि दुसऱ्या भारतीय भाषेत असेल तर सोबत सही केलेलं हिंदी वा इंग्रजी भाषांतर हवं.

पाठवणं आणि मागं लागणं

हातानं द्यायचं असेल तर दोन प्रती न्या. एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन या. शिक्का नसेल तर घेणाऱ्याची सही आणि नाव तरी. पोस्टानं पाठवायचं तर रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टात विलीन झालंय, तेव्हा स्पीड पोस्टनं पाठवा आणि पावती पत्राच्या प्रतीला टाचून ठेवा. ईमेलही करा, पण कागद सोडू नका. खासदाराचा दिल्लीचा पत्ता आणि ईमेल लोकसभेच्या संकेतस्थळावर असतो.

वेळ बघून द्या. लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते, म्हणून अधिवेशन सुरू झाल्यावर पोचलेलं पत्र त्या अधिवेशनात बहुधा उपयोगी पडत नाही. महिनाभर आधी जाऊ द्या. आमदारासाठी हिवाळी अधिवेशनाआधीचे दिवस चांगले. ते आपल्याच दारात, हलग्याजवळच्या सुवर्ण विधानसौधात भरतं, पण अधिवेशन चालू असताना तिथं आत पत्र पोचवणं कठीण. नोव्हेंबरातच तालुक्याच्या कार्यालयात नेऊन द्या.

४५ दिवस वाट बघा. मग एका ओळीचं स्मरणपत्र, पहिल्या पत्राचा आवक क्रमांक घालून. त्यानंतरही काही नाही आलं तर माहिती अधिकार. खासदार-आमदाराला माहिती अधिकारात विचारून काही निघत नाही, आयोगाला विचारा. दहा रुपयांचं पोस्टल ऑर्डर, उत्तराची मुदत ३० दिवस. भारत निवडणूक आयोगाला अर्ज करताना ५०० शब्दांच्या आत राहा. राज्य निवडणूक आयोग किंवा जिल्हाधिकारी कचेरीला अर्ज असेल तर कर्नाटकाच्या नियमाप्रमाणं १५० शब्द आणि एकच विषय. मी शब्द बोटावर मोजून लिहितो. १५१ झाले की फेटाळायला कारण मिळतं.

ज्यांना सही येत नाही त्यांच्या पत्रावर डाव्या अंगठ्याचा ठसा घ्या, शेजारी नाव लिहा, आणि पत्र वाचून दाखवल्याची दोन साक्षीदारांची सही. इदलहोंडच्या आज्जींचं असंच केलं. पत्र मी दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्या वेळी त्यांनी मला मध्येच थांबवलं आणि "आपला मतदार" च्या जागी "आपली मतदार" करायला लावलं. मी खोडून दुरुस्त केलं, खोडाखोडीवर त्यांचा ठसा घेतला, आणि त्याच दिवशी साडेतीनच्या आत पोस्टात टाकलं.